चुलीवर वितळणारा धातू : घरी ओतलेल्या गोळ्यांपासून भंगारातल्या बॅटरीपर्यंत

९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सैन्यासमोर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखवण्यात आला. त्याच रात्री सैनिक आणि नागरिकांचा एक जमाव बोलिंग ग्रीन या चौकात गेला. तेथे इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा अश्वारूढ पुतळा उभा होता. लंडनचा शिल्पकार जोसेफ विल्टन याने घडवलेला हा पुतळा १७७० साली बसवण्यात आला होता. वरून त्याला सोन्याचा मुलामा होता; आत मात्र सारे शिसे होते. जमावाने दोर बांधून पुतळा खाली ओढला आणि त्याचे तुकडे केले.

पुतळे पाडण्याच्या घटना इतिहासात पुष्कळ आहेत. या पुतळ्याचे पुढे जे झाले, ते मात्र विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावे असे आहे. बहुतेक तुकडे जहाजाने कनेक्टिकटच्या किनाऱ्यावर आणि तेथून बैलगाड्यांतून लिचफील्ड नावाच्या गावी नेण्यात आले. त्या गावात ऑलिव्हर वॉलकॉट यांचे घर होते. हेच वॉलकॉट पुढे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत होते. त्यांच्या घराच्या आवारात राजाचा पुतळा वितळवून त्याच्या बंदुकीच्या गोळ्या ओतण्यात आल्या. हे काम कोणा कारखान्याने किंवा शस्त्रशाळेने केले नाही. घरातल्या आणि शेजारपाजारच्या स्त्रियांनी व मुलांनी ते केले.

वॉलकॉट यांनी त्याचा हिशेब लिहून ठेवला होता आणि तो कागद त्यांच्या दप्तरात टिकून राहिला. रूथ मार्विन यांच्या नावावर ११,५९२ काडतुसे आहेत. वॉलकॉट यांची मुलगी मेरी ॲन हिच्या नावावर १०,७९०, तर थोरली मुलगी लॉरा हिच्या नावावर ८,३७८ आहेत. मिसेस मार्विन यांची ६,०५८, मिसेस बीच यांची १,८०२ आणि धाकटा मुलगा फ्रेडरिक याची ९३६ आहेत. इतर किरकोळ मंडळींनी मिळून २,१८२ केली. ५० काडतुसे गावच्या शिबंदीला आणि ३०० एका पलटणीला दिल्याचीही नोंद आहे. एकूण बेरीज ४२,०८८. मेरी ॲन तेव्हा अकरा वर्षांची होती आणि फ्रेडरिक आठ-नऊ वर्षांचा होता.

आठ-नऊ वर्षांचे मूल युद्धसाहित्य तयार करू शकते, ही गोष्ट आज अस्वस्थ करते. त्या काळी तिचे कोणालाच नवल वाटले नसेल. बंदूक लोहाराकडून किंवा कारागिराकडून येई, दारू गिरणीतून येई. गोळी मात्र घरी होई. लोखंडाची वस्तू घरी ओतता येत नाही, तांब्याची ओतणेही अवघडच. मग शिशालाच हे कसे साधले? याचे उत्तर धातूच्या भौतिक गुणधर्मांत आहे, आणि त्याच उत्तराने पुढची अडीचशे वर्षे शिशाला माणसाच्या घरापासून दूर जाऊ दिलेले नाही.

लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ अंशांना. दोहोंसाठी भाता आणि भट्टी हवी. शिसे ३२७ अंशांनाच पातळ होते आणि सुक्या लाकडाचा साधा विस्तवही त्याच्या दुपटीहून अधिक तापतो. कल्हईवाल्याचे कथील भांड्यावर पाण्यासारखे पसरताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याची कल्पना येईल. कथील २३२ अंशांना वितळते आणि शिसे त्याच्या फार पुढे नाही.

तापमानाइतकाच उष्णतेचा प्रश्नही महत्त्वाचा असतो. एक किलोग्रॅम शिसे २५ अंशांपासून वितळणबिंदूपर्यंत तापवायला सुमारे ३९ किलोज्यूल उष्णता लागते आणि नंतर ते पूर्ण वितळवायला आणखी सुमारे २३ किलोज्यूल. एकूण ६२. याउलट एक लिटर पाणी २५ अंशांपासून केवळ उकळीला आणायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. म्हणजे चहाचे आधण ठेवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या एक पंचमांश उष्णतेत तेवढ्याच वजनाचे शिसे वितळते.

याचे कारण ड्युलाँ आणि पती या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८१९ साली मांडलेल्या नियमात सापडते. घन मूलद्रव्यांत प्रत्येक अणूला तापवायला लागणारी उष्णता साधारण सारखीच असते, मग तो अणू हलका असो की जड. शिशाचा अणू फार जड, अणुभार २०७. त्यामुळे एक किलोग्रॅम शिशात अणूंची संख्याच कमी भरते आणि हिशेब स्वस्तात आटोपतो. त्यातच शिशाच्या अणूंमधील बंध दुबळे असल्याने ते थोड्या उष्णतेनेही सुटे होतात. धातू हाताला जड आणि विस्तवाला हलका, असा हा प्रकार आहे.

लिचफील्डच्या हिशेबाची या आकड्यांवर पडताळणी करता येते. त्या काळच्या मस्केट बंदुकीची गोळी साधारण ३० ग्रॅमची असे. ४२,०८८ गोळ्यांचे वजन १,२५० किलोग्रॅमच्या पुढे जाते. एवढे शिसे वितळवायला सुमारे ८० दशलक्ष ज्यूल उष्णता पुरते आणि तेवढी उष्णता पाच-सहा किलो सुक्या लाकडात असते. उघड्या चुलीवर नव्वद टक्के उष्णता वाया गेली असे धरले, तरी पन्नास-साठ किलो लाकडात काम भागते. एका राजाचा पुतळा दारूगोळ्यात बदलण्यासाठी गाडीभर सरपणही पुरून उरले असते.

या पडताळणीतून आणखी एक गोष्ट निघते. पुतळ्याचे वजन ४,००० पौंड, म्हणजे सुमारे १,८०० किलोग्रॅम असल्याचे सांगितले जाते. गोळ्यांचे वजन त्यातून वजा केले, तर जवळजवळ एक तृतीयांश शिसे उरते. त्यातले काही वितळवताना काट होऊन मळीत गेले असेल. काही मात्र वाटेतच गायब झाले होते. राजनिष्ठ मंडळींनी पळवून लपवलेले तुकडे कनेक्टिकटमधील शेतांत आणि दलदलीत पुढील काळात सापडत राहिले. घोड्याच्या शेपटीचा तुकडा न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहात आजही पाहायला मिळतो.

गोळी ओतण्याची रीत सोपी होती. लोखंडी भांड्यात शिसे वितळवायचे, वर आलेली मळी काढायची आणि पळीने रस साच्यात ओतायचा. साचा दोन पाळ्यांचा, सांडशीसारखा मिटणारा असे. घडीभरात गोळी घट्ट होई. साचा उघडून ती बाहेर टाकायची आणि तोंडाशी राहिलेले शेपूट कापायचे. बंदुकीसोबत तिच्या मापाचा साचा देण्याची पद्धत होती, कारण दोन बंदुकांच्या नळ्या सारख्या असतीलच याचा भरवसा नसे. पाण्याला मात्र सारे जपत. तापलेल्या शिशाच्या पृष्ठभागाखाली पाण्याचा थेंब गेला, तर त्याची क्षणात वाफ होते, आकारमान सोळाशे पटींहून अधिक वाढते आणि रस चहूकडे उडतो.

घरगुती ओतकामाची एक खूण आजही आपल्या वर्तमानपत्रांत छापून येते. ‘बारा बोअरची बंदूक’ हा शब्द गुन्ह्याच्या बातम्यांमुळे सर्वांच्या ओळखीचा आहे. यातला बारा हा आकडा लांबीचा नाही. एक पौंड शिशाच्या समान बारा गोळ्या ओतल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत बसेल, ती बारा बोअरची नळी. ४५४ ग्रॅम भागिले बारा म्हणजे सुमारे ३८ ग्रॅम. शिशाच्या घनतेने भागून गोलाचा व्यास काढला, तर १८.५ मिलिमीटर येतो. आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक, हे विचित्र वाटणारे माप त्यामुळेच आले आहे. नळीचा व्यास मोजायचे साधन घरोघरी नव्हते, तराजू मात्र होता.

मोठी गोळी साच्यात ओतता येई. पक्ष्यांच्या शिकारीचे बारीक छर्रे एकेक करून ओतणे मात्र व्यवहार्य नव्हते. या अडचणीतून शिशाच्या इतिहासातले एक देखणे भौतिकशास्त्र जन्माला आले. रॉबर्ट हुक याने १६६५ सालच्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात प्रिन्स रूपर्टची रीत नोंदवून ठेवली आहे. वितळलेल्या शिशात थोडा हरताळ मिसळायचा आणि तो रस चाळणीतून पाण्यात पाडायचा. हरताळ म्हणजे सोमलाचे गंधकाशी झालेले संयुग. शुद्ध शिशाच्या थेंबावर हवेतल्या प्राणवायूमुळे लगेच काटाची साय धरते, ती थेंबाला नीट गोल होऊ देत नाही आणि त्याला शेपट्या फुटतात. सोमलाच्या अंशाने ही अडचण दूर होते. तरीही पाणी जवळ असल्यामुळे थेंब अर्धवट आकारातच गोठत आणि चपटे छर्रे निघत.

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात विल्यम वॉट्स नावाचा नळकाम करणारा कारागीर राहत असे. १७८२ साली त्याने यावरच्या उपायाचे एकस्व मिळवले. थेंब उंचावरून पडू द्यायचा, म्हणजे पाण्यापर्यंत पोहोचण्याआधी तो हवेतच घट्ट होईल. हा प्रयोग त्याने केला तो स्वतःच्या राहत्या घरात. रेडक्लिफ हिल या भागातल्या आपल्या घरावर त्याने मनोरा चढवला आणि खाली जमीन खोदून पडण्याचे अंतर वाढवले. ही युक्ती स्वप्नात सुचल्याची आख्यायिका ब्रिस्टलमध्ये प्रसिद्ध आहे. ते घर १९६८ पर्यंत उभे होते.

मनोऱ्याची उंची थेंब गोल होण्यासाठी लागते, असा समज सहज होतो. हिशेब वेगळे सांगतो. द्रवरूप शिशाचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे सहापट आहे. थेंबाच्या कंपनांचे गणित लॉर्ड रॅले यांनी १८७९ साली मांडले. ते वापरले तर दोन मिलिमीटर व्यासाच्या शिशाच्या थेंबाचे एक आंदोलन सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात पूर्ण होते. पडणारा थेंब स्वतःच्या वजनाने दबलेला नसतो, त्यामुळे पृष्ठताणाला अडवणारे फारसे काही नसते आणि तो लवकरच गोल होतो. उंची लागते ती थंड होण्यासाठी. पंचेचाळीस मीटरच्या पतनाला, हवेचा रोध वगळला तर, तीन सेकंद लागतात. त्या तीन सेकंदांत थेंबाने आपली उष्णता हवेला देऊन निदान वरचे कवच तरी घट्ट करायचे असते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १८२८ साली सत्तर मीटरहून उंच मनोरा बांधला गेला, तोही याच कारणाने.

छर्ऱ्यांचे काम अशा रीतीने घरातून मनोऱ्यांत गेले. गोळीचे कामही एकोणिसाव्या शतकात हळूहळू घराबाहेर पडले आणि त्या प्रवासातली दोन वळणे कोलकात्याजवळच्या दमदम येथील आहेत.

साध्या नळीतून सुटलेली गोल गोळी भरकटते. नळीला आतून पेचदार आटे पाडले, तर गोळी स्वतःभोवती फिरते आणि कोनीय संवेगामुळे दिशा टिकवते. अडचण एवढीच, की आट्यांत घट्ट बसणारी गोळी पुढून ठासून भरायला वेळ लागे. फ्रेंच सैन्यातील क्लोद-एतियेन मिनिए याने १८४९ साली शिशाच्या मऊपणाचाच उपयोग करून घेतला. त्याने लांबट गोळी बुडाशी पोकळ ठेवली. गोळी नळीपेक्षा किंचित लहान, त्यामुळे सहज आत सरके. बार उडताच वायूच्या दाबाने बूड फुगे आणि आट्यांत रुतून बसे. ब्रिटिशांची १८५३ सालची एनफील्ड रायफल याच तत्त्वावरची होती. अशा बंदुकीत दारूच्या काजळीने नळी चोंदू नये म्हणून काडतुसाच्या कागदाला गोळीच्या बाजूने चरबीचे वंगण लावणे आवश्यक होते, आणि कागद दातांनी फाडावा लागे. जानेवारी १८५७ मध्ये दमदम येथे या चरबीची कुजबुज सुरू झाली. पुढचा इतिहास प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. उठावाची कारणे अर्थातच खोल होती. पण ठिणगी ज्या काडतुसावर पडली, त्यातली चरबी मऊ शिशाच्या गोळीची गरज होती.

दुसरे वळण चाळीस वर्षांनी आले. १८८४ साली पॉल व्ह्येई याने धूरविरहित दारू तयार केली आणि गोळ्यांचा वेग एकदम वाढला. त्या वेगाला नुसते शिसे टिकेना. आट्यांना धरून फिरण्याऐवजी त्याचा थर नळीत माखू लागला. म्हणून शिशावर कठीण धातूचे कवच चढवण्यात आले. दमदमच्या शस्त्रशाळेत १८९० च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले याने हे कवच टोकाशी उघडे ठेवले, जेणेकरून आतले शिसे शरीरात शिरताच पसरेल. अशा पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेग परिषदेत बंदी घालण्यात आली. एका भारतीय वस्तीचे नाव जगभरच्या युद्धविषयक शब्दकोशांत शिरले ते असे.

कवचाची गोळी यंत्रावर होते, चुलीवर होत नाही. सैन्यांपुरते घरगुती ओतकाम येथे संपले. भारतात विनापरवाना दारूगोळा तयार करणे शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र छंद म्हणून गोळ्या ओतणे पुढेही चालू राहिले. तेथील छांदिष्टांनी मोटारीच्या चाकांना तोल साधण्यासाठी लावलेली जुनी वजने वितळवायला घेतली, कारण त्यांत शिशाबरोबर अँटिमनीचा अंश असतो आणि त्याने गोळी कठीण होते. शिसे, अँटिमनी आणि कथील हाच मेळ छापखान्याच्या खिळ्यांत असे. मराठीतील पुस्तके आणि वर्तमानपत्रे पिढ्यान्‌पिढ्या ज्या खिळ्यांनी छापली गेली, ते बंदुकीच्या गोळीचे चुलतभाऊच म्हणायचे.

या छापखान्यांतूनच शिशाच्या दुसऱ्या, न लिहिलेल्या हिशेबाची एक सुरुवातीची साक्ष मिळते. बेंजामिन फ्रँकलिन हे वॉलकॉट यांच्याप्रमाणेच जाहीरनाम्यावर सही करणारे. ३१ जुलै १७८६ रोजी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या तरुणपणीची आठवण सांगितली आहे. १७२४ साली ते लंडनच्या एका छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करीत. थंडीत बोटे गारठत म्हणून ते खिळ्यांची पेटी शेकोटीपाशी गरम करून घेत. एका वृद्ध कामगाराने त्यांना तसे न करण्याचा सल्ला दिला; असे करणाऱ्यांचे हात निकामी झालेले त्याने पाहिले होते. फ्रँकलिन यांनी पत्रात रंगारी, नळकाम करणारे, शिशाच्या संपर्कात येणारे इतर कारागीर यांच्या पोटदुखीची आणि लुळेपणाची उदाहरणे जमवली. शिशाचे असे दुष्परिणाम निदान साठ वर्षांपासून ठाऊक असूनही ही माहिती लोकांत रुजायला किती काळ लागतो, याची खंत त्यांनी शेवटी व्यक्त केली आहे.

ही माहिती का रुजत नाही, यालाही भौतिक कारण आहे. शिसे १७४९ अंशांना उकळते. चुलीच्या तापमानाला त्याची वाफ नगण्य असते, उग्र वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धोका असतो तो पृष्ठभागावर धरणाऱ्या काटाच्या पिवळट-करड्या भुकटीत. मळी काढताना ती उडते, जमिनीवर बसते, हातांना आणि कपड्यांना लागते आणि हातांवाटे तोंडात जाते. रांगणारे मूल जमिनीच्या सर्वांत जवळ असते. गिळलेल्या शिशापैकी प्रौढाच्या चार ते पाच पट अंश लहान मुलाच्या शरीरात शोषला जाऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

शरीरात शिसे कॅल्शियमची बतावणी करते. त्या वेषाने ते मेंदूच्या पेशींत शिरते आणि पेशींमधील संदेशवहनात ढवळाढवळ करते. रक्तातील हीम तयार करणाऱ्या एका विकरात जस्ताची जागा बळकावून ते विकर बंद पाडते. कॅल्शियम समजून हाडे त्याला साठवून ठेवतात आणि पुढे दशकानुदशके ते थोडेथोडे रक्तात सोडत राहतात. बुद्धीची वाढ खुंटणे, लक्ष न लागणे, पंडुरोग हे परिणाम हळूहळू होतात आणि त्यांवर शिशाचे नाव लिहिलेले नसते. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, ही आजची वैद्यकीय भूमिका आहे.

आज जगातील बहुतेक शिसे गोळ्यांत नाही, तर शिसे-आम्ल बॅटऱ्यांत जाते. या बॅटरीतही शिशाच्या जड अणूचाच प्रताप आहे. भारतीय वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ राजीव आहुजा, फिनलंडचे पेक्का प्युक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली गणिताने दाखवून दिले, की एका घटाच्या सुमारे २.१ व्होल्टपैकी १.७ ते १.८ व्होल्ट आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे मिळतात. जड अणुकेंद्राभोवती इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने फिरतात, की सापेक्षतेचे परिणाम रसायनशास्त्रातही उतरतात. रोज सकाळी गाडी सुरू करणाऱ्या माणसाला त्याची गंधवार्ताही नसते.

रिक्षा, मोटारी, इन्व्हर्टर, दूरसंचाराचे मनोरे, सौर दिवे या सर्वांच्या बॅटऱ्या काही वर्षांत निकामी होतात. त्यांतले शिसे जवळजवळ संपूर्ण परत मिळवता येते आणि भंगारात त्याला चांगला भाव असतो. येथे लिचफील्डची गोष्ट पुन्हा सुरू होते. धातू थोड्या उष्णतेत वितळतो, म्हणून भट्टीला भांडवल लागत नाही. एक लोखंडी भांडे, एक पळी, एक साचा आणि आडोसा एवढ्यावर धंदा उभा राहतो. फरक इतकाच, की बॅटरीत धातूबरोबर शिशाच्या संयुगांचा लगदाही असतो. त्यातून शिसे काढायला कोळसा घालून तापमान खूप वाढवावे लागते आणि त्या उष्णतेत शिशाचा धूरही निघतो. आम्ल गटारात जाते, लगद्याची धूळ अंगणात राहते.

याचा अर्थ काय होतो, ते सेनेगलची राजधानी डाकार येथील थियारोय-सुर-मेर या वस्तीने २००७-०८ मध्ये दाखवले. तेथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढण्याचे काम वर्षानुवर्षे चालत असे. शिशाचा भाव चढला तेव्हा मातीत मिसळलेले कणही मोलाचे झाले. लोक ती माती पोत्यांत भरून घरी नेऊ लागले आणि दारात बसून चाळू लागले. काही महिन्यांत अठरा मुले मरण पावली. सुरुवातीला मृत्यूचे कारण कोणाच्या ध्यानात आले नाही. मुलांच्या भावंडांचे आणि आयांचे रक्त तपासल्यावर शिशाचे भयंकर प्रमाण आढळले.

भारताची स्थिती काय? युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असावे. त्यांपैकी सुमारे २७.५ कोटी मुले भारतातील आहेत. हे आकडे प्रतिमानांवर आधारलेले अंदाज आहेत, प्रत्येक मुलाच्या तपासणीतून आलेले नाहीत. तरीही अंदाज निम्म्याने चुकला असे मानले, तरी उरलेली संख्या महाराष्ट्राच्या लोकसंख्येहून मोठी राहते.

या प्रश्नावर देशाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. २००० साली पेट्रोलमधील शिसे देशभर बंद झाले. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी ठरवणारा नियम २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. बॅटऱ्यांसाठी २००१ साली नियम झाले आणि २०२२ साली त्यांच्या जागी नवे नियम येऊन वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. पेट्रोल मूठभर तेलशुद्धीकरण कारखान्यांत तयार होते, म्हणून तेथे नियम चालला. बॅटरी मात्र देशाच्या प्रत्येक गल्लीत निकामी होते आणि जेथे ती फुटते ती जागा बहुधा कोणत्याही नोंदवहीत नसते. तीन-चारशे अंशांना वितळणाऱ्या धातूवर नियमन करणे कठीण जाते ते यामुळेच. तांब्याच्या खनिजाची भट्टी लपवता येत नाही, शिशाची लपवता येते.

धातूचा वितळणबिंदू कोणाला बदलता येणार नाही. तो धातू कोठे वितळवला जावा, हे मात्र माणसे ठरवतात. धुराडे, गाळण्या, कामगारांच्या रक्ताची नियमित तपासणी आणि वस्तीपासून अंतर असलेल्या कारखान्यात हेच शिसे पुष्कळ सुरक्षितपणे परत मिळवता येते. त्याला खर्च येतो. अंगणातली भट्टी तो खर्च टाळते, म्हणून भंगाराला थोडा जास्त भाव देऊ शकते. आणि टळलेला खर्च त्या अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या रक्तात जमा होतो. घरातली जुनी बॅटरी शंभर-दोनशे रुपये अधिक देणाऱ्याच्या हाती द्यायची, की नवी घेताना अधिकृत विक्रेत्याकडे परत करायची, हा निर्णय त्यामुळे वाटतो तितका किरकोळ नाही.

लिचफील्डचा तो कागद काटेकोर आहे. कोणी किती काडतुसे केली, किती कोणाला दिली, सारे शेवटच्या एककापर्यंत जुळते. अकरा वर्षांच्या मेरी ॲनच्या नावापुढे दहा हजार सातशे नव्वद हा आकडा लिहिला आहे. एवढ्या गोळ्या हाताळताना तिच्या बोटांना किती भुकटी लागली असेल, याचा रकाना त्यात नाही. १७७६ साली तो कोणाला सुचलाही नसता. आज रक्ताच्या काही थेंबांत शिशाचे मायक्रोग्रॅम मोजणारी उपकरणे उपलब्ध आहेत. बॅटरीच्या भट्ट्यांजवळ वाढणाऱ्या मुलांपुरता तो रकाना आता भरता येण्यासारखा आहे.